खालचा जबडा लहान असल्यामुळे स्लीप ॲप्निया : जबडा यंत्राने हळूहळू लांबवावा, की एकाच बैठकीत पुढे आणावा?

मागची_हनुवटी यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ३४ आहे. वजन उंचीच्या मानाने बेताचे आहे, मान जाड नाही, मद्यपान करत नाही, आणि तरीही काही महिन्यांपूर्वी रात्रभराची झोपेची तपासणी झाली तेव्हा माझा एएचआय, म्हणजे झोपेत दर तासाला श्वास पूर्णपणे किंवा अर्धवट अडण्याची सरासरी संख्या, ४६ निघाली. कारण आरशात दिसतेच. माझा खालचा जबडा पहिल्यापासून लहान आहे, हनुवटी मागे आहे, आणि वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या ९ मिलिमीटर पुढे आहेत.

सीपॅप यंत्र, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र, मी आठ महिने वापरून पाहिले. त्याचा उपयोग होतो हे मी नाकारत नाही. ज्या रात्री मास्क टिकतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी डोके हलके असते. पण तो टिकतो आठवड्यातून दोन-तीन रात्री, आणि त्याही चार तासांच्या वर नाही. केवळ नाकावरच्या मास्कने तोंड उघडते म्हणून नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घेतला, तर त्याचे पट्टे हनुवटीला आणखी मागे ओढतात आणि यंत्राचा दाब वाढवावा लागतो, असा उलटाच प्रकार झाला.

आता दोन शल्यविशारदांची मते घेतली आहेत आणि ती जुळत नाहीत. पहिल्यांचे म्हणणे असे की, खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून तेथे यंत्र बसवावे आणि रोज थोडा थोडा स्क्रू फिरवून हाड लांबवावे, म्हणजे डिस्ट्रॅक्शन करावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, या वयात हे लांबण लावण्याचे कारण नाही. वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे एकाच शस्त्रक्रियेत सुमारे १० मिलिमीटर पुढे आणून टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवावेत, मात्र त्याआधी वर्षभर दातांना तारा लावाव्या लागतील. माझा वरचा जबडा सदोष नाही असे दोघेही म्हणतात, मग त्याला हात का लावायचा, हे मला समजलेले नाही. शिवाय हाड रोज ओढत राहिल्यास ते जुळते कसे, ओठाची बधिरता राहते असे म्हणतात ते कितपत खरे, आणि एवढे करून सीपॅप सुटतो का, याविषयी ज्यांना अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया लिहावे.

अस्थिसंधी यांचे उत्तर

तोंड आणि जबड्यांच्या शस्त्रक्रिया हा माझा रोजचा व्यवसाय आहे. तुमची छायाचित्रे किंवा सीटी स्कॅन पाहिल्याशिवाय अमुकच करा असे मी सांगणार नाही. पण दोन मते का पडतात, हे सांगता येईल.

प्रथम जबड्याचा आणि श्वासाचा संबंध. जिभेचा मुख्य पंख्यासारखा स्नायू खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला, हनुवटीच्या मागे असलेल्या छोट्या उंचवट्यांना चिकटलेला असतो, आणि त्याच्याच खालून निघणारा दुसरा स्नायू गळ्यातल्या कंठिकास्थीला पुढे धरून ठेवतो. जागेपणी हे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैलावतात, आणि जबडा मुळातच आखूड असेल तर जिभेला मागे सरकण्यावाचून जागा उरत नाही. जबडा पुढे आणला की हे सगळे सामान त्याच्याबरोबर पुढे येते. जीभ कापून लहान करण्यापेक्षा तिचे घर मोठे करणे, असा हा विचार आहे.

आता हाड रोज ओढल्यास ते जुळते कसे, याविषयी. हे तंत्र जबड्याचे नव्हे, पायाचे आहे. सोव्हिएत संघातल्या कुर्गान येथे गाव्रिल इलिझारोव यांनी १९५० च्या दशकापासून हाता-पायांची हाडे अशी लांबवली. मुलांच्या खालच्या जबड्यावर ते यशस्वीपणे वापरल्याचे न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर ते आमच्या क्षेत्रात रुजले. हाड कापून यंत्र बसवल्यावर प्रौढांत साधारण पाच ते सात दिवस काहीही करायचे नसते. त्या काळात फटीत गोठलेल्या रक्ताच्या जागी मऊ, नवे ऊतक तयार होऊ लागते. मग दिवसाला १ मिलिमीटर, बहुधा सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा, अशी दोन टोके एकमेकांपासून दूर नेतात. ते मऊ ऊतक ताणले जाते, त्याचे तंतू ताणाच्या दिशेने रांगेत लागतात, आणि कडेकडून मध्याकडे हाड भरत येते. घाई केली तर मध्ये हाडाऐवजी नुसता तंतूंचा पट्टा राहतो. फार रेंगाळले तर ठरलेली लांबी गाठण्याआधीच हाड पक्के होऊन बसते. हवी ती लांबी मिळाली की यंत्र तसेच ठेवून दोन ते तीन महिने हाड घट्ट होऊ द्यायचे, आणि मग दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेत यंत्र काढायचे. या पद्धतीचा खरा लाभ हाडापुरता नाही. कातडी, स्नायू, रक्तवाहिन्या यांनाही हळूहळू वाढायला वेळ मिळतो, त्यामुळे मोठी लांबी मिळवूनही जबडा मागे ओढणारा ताण तुलनेने कमी राहतो.

दुसरी पद्धत १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी मांडली आणि १९६१ मध्ये दाल पोंत यांनी सुधारली. तीत दाढांच्या मागे जबड्याचा आतला आणि बाहेरचा पदर उभा चिरून सुटा करतात आणि दातांसकटचा भाग पुढे सरकवतात. काडेपेटीचा खण डोळ्यांसमोर आणा. खण थोडा बाहेर ओढला तरी त्याचा उरलेला भाग टरफलात असतो, म्हणून हाडाला हाड लागलेले राहते आणि पट्ट्या-स्क्रूंनी ते पक्के करता येते. मात्र खण जितका जास्त बाहेर, तितकी टरफलातली पकड कमी, आणि स्नायूंची ओढ तितकी जास्त. म्हणून साधारण १० मिलिमीटरच्या पुढे गेलो की जबडा काही अंशी मागे परतण्याची भीती वाढते. अगदी आखूड जबडा, ज्याचा मागचा उभा भागच नीट घडलेला नाही असा जबडा, आधीच्या शस्त्रक्रियांचे व्रण असलेला जबडा, आणि लहान मुले, अशा ठिकाणी मी स्वतः डिस्ट्रॅक्शनकडे झुकतो. ३४ वर्षांचा, सांधे निरोगी असलेला, १० मिलिमीटरच्या आसपास गरज असलेला रुग्ण असेल तर सहसा झुकत नाही.

वरच्या जबड्याला हात का लावायचा, हा तुमचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. खालचा जबडा एकट्याने किती पुढे येऊ शकतो? वरच्या दातांपर्यंत, त्यापलीकडे नाही; नाहीतर चावा उलटा होईल. तुमचे अंतर ९ मिलिमीटर आहे आणि नैसर्गिक अंतर २ ते ३ असते, म्हणजे आज दातांनी दिलेली मुभा ६ ते ७ मिलिमीटरची आहे. ती मुभा पहिल्या पद्धतीलाही तशीच लागू आहे, यंत्र कितीही लांब जाणारे असले तरी. श्वासासाठी त्याहून अधिक हवे असेल तर वरचा जबडा पुढे न्यावाच लागतो, तो सदोष आहे म्हणून नव्हे, तर खालच्याला वाट करून देण्यासाठी. त्याबरोबर टाळूचा मऊ भागही पुढे ताणला जातो आणि घशाच्या बाजूच्या भिंती कमी लिबलिबीत होतात, हा दुसरा लाभ.

तारांचे कारणही यातच आहे. जबडा लहान असला की निसर्ग आपल्या परीने सारवासारव करतो आणि खालचे पुढचे दात बाहेर झुकवून वरच्यांना गाठायचा प्रयत्न करतो. तारांनी ते दात आधी सरळ उभे करतात, त्यामुळे ९ चे अंतर ११ किंवा १२ होते आणि जबड्याला पुढे येण्यासाठी तेवढी जास्त जागा मिळते. हे रुग्णाला आधी सांगितले नाही तर फार गैरसमज होतो, कारण शस्त्रक्रियेपूर्वीच्या त्या महिन्यांत हनुवटी आणखीच मागे गेल्यासारखी दिसते आणि घास तोडणेही अवघड होते.

ओठाच्या बधिरतेविषयी : खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातल्या बोगद्यातून जाते, आणि दोन्ही पद्धतींत काप तिच्या अगदी जवळून जातो. खण सरकवण्याच्या पद्धतीत ती डोळ्यांसमोर येते आणि थोडीफार ताणली जातेच. सुरुवातीची बधिरता ही जवळजवळ ठरलेली आहे. बहुतेकांत ती काही महिन्यांत, कधी वर्षभरात, ओसरते. काहींच्या बाबतीत एखादा डाग कायमचा राहतो, आणि वय वाढलेले असेल तर ही शक्यता वाढते. ओठाची हालचाल दुसऱ्या नसेवर चालते, त्यामुळे ओठ वाकडा होण्याचा संबंध येथे नाही.

चिनूची_आई यांचे उत्तर

अस्थिसंधी यांनी मुलांचा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमचे प्रकरण तुमच्यापेक्षा वेगळे आहे, पण रोज स्क्रू फिरवणे म्हणजे काय, हे कदाचित उपयोगी पडेल.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना हनुवटीवर पडला. वरून टाके पडले, जखम भरली, आणि कानापुढच्या सांध्याला मार लागला असेल हे कोणाच्याही लक्षात आले नाही. पुढे तोंड कमी कमी उघडू लागले. सात वर्षांचा झाला तेव्हा वरच्या-खालच्या दातांत माझ्या करंगळीचे नखही जेमतेम जात होते. सांध्याचे हाड कवटीला चिकटले होते, आणि चिकटलेल्या बाजूने जबडा वाढणेच थांबले होते. तो आडवा झोपतच नसे. उशा रचून, बसल्यासारखा, मान वर करून झोपे, आणि तरी रात्री छातीचा मधला भाग आत ओढला जाताना दिसे. आठव्या वर्षी तपासणीत एएचआय ३८ आला. मुलांत १ च्या वरचा आकडाही बरोबर मानत नाहीत, हे तेव्हा कळले.

आमच्या डॉक्टरांनी क्रम असा ठरवला की, आधी जबडा लांबवायचा आणि श्वास सोडवायचा, आणि चिकटलेला सांधा मोकळा करण्याचे काम यंत्र काढण्याच्या वेळी करायचे. सांधा आधी सोडवावा असे मानणारेही आहेत; आम्हांला सांगितलेले कारण पटले ते असे की, सांधा घट्ट असताना मागचे टोक स्थिर राहते, त्यामुळे स्क्रूची सगळी ओढ जबडा पुढे नेण्यातच खर्च होते. तोंड उघडत नसल्यामुळे भूल देताना नळी नाकातून, दुर्बिणीने पाहत, घालावी लागली. शस्त्रक्रियेपेक्षा त्या अर्ध्या तासाची भीती आम्हांला अधिक होती.

यंत्र कातडीच्या आत होते. बाहेर येत होत्या फक्त दोन बारीक दांड्या, दोन्ही कानांच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्याशी. पाचव्या दिवशी परिचारिकेने मला चावी दिली आणि माझ्याकडून फिरवून घेतले. चावीवर बाण कोरलेला होता. एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. सकाळी दोन्ही बाजूंना एकेक, संध्याकाळी एकेक. पहिल्या दिवशी माझा हात इतका थरथरत होता की चावी दांडीच्या टोकावर बसेना. नंतर सवय झाली. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत उजवीकरिता निळी आणि डावीकरिता लाल खूण करत असे, कारण एकदा फिरवले की नाही हे विसरून पुन्हा फिरवणे आणि विसरून न फिरवणे, दोन्ही वाईट. फिरवताना दुखत नसे, पण नंतर दहा-पंधरा मिनिटे कान आणि दाढा ठणकत. पंधराव्या फेऱ्यानंतर कधीतरी मी रात्री दचकून उठले, कारण खोलीत आवाजच नव्हता. तो शांत झोपला होता आणि मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसले होते.

एकूण २० मिलिमीटर लांबी मिळाली. दांड्यांच्या भोवती दोनदा पू झाला, रोज सलाइनने पुसणे आणि प्रतिजैविक एवढ्याने आटोक्यात आला. तीन महिन्यांनी यंत्र काढले आणि सांधा सोडवला. पुढचा एएचआय २ होता. पण खरे कष्ट त्यानंतरचे. सांधा पुन्हा चिकटू नये म्हणून दातांच्या मध्ये लाकडी चपट्या काड्यांची चळत घालून, दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवत, दिवसातून पाच-सहा वेळा रडवून व्यायाम करून घ्यावा लागला. आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की, जबड्याची त्या बाजूची वाढ कमीच राहील, त्यामुळे मोठेपणी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. मुलांच्या बाबतीत हे एकदाचे काम नव्हे.

निद्रानाद यांचे उत्तर

मी ४१ व्या वर्षी दोन्ही जबडे पुढे आणण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्याला तीन वर्षे झाली. वरचा ८ आणि खालचा ११ मिलिमीटर.

पहिली रात्र अतिदक्षता विभागात काढावी लागते आणि ती का, हे मला नंतर समजले. सूज, नाकात रक्त, त्यात वेदनाशामक औषधांनी येणारी गुंगी, हे सगळे स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाला धोक्याचेच असते. म्हणून तीव्र अफूवर्गीय औषधे ते जपून देत होते आणि डोक्याची बाजू उंच ठेवली होती. दात रबरांनी एकमेकांना बांधलेले होते. सहा आठवडे पातळ आणि मग मऊ आहार झाला, आणि नऊ किलो वजन उतरले, त्यामुळे सुरुवातीच्या सुधारणेतला काही वाटा वजनाचा होता असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बधिरतेविषयी डॉक्टर सांगतात ते खरेच आहे, पण ती कशी असते ते असे. दाढी करताना हनुवटी दुसऱ्याची वाटते. गरम पाणी पिताना ओघळ हनुवटीवर येतो आणि समोरच्याच्या नजरेवरून तो कळतो. चौथ्या महिन्यात मुंग्या सुरू झाल्या, आणि त्या आल्या म्हणून मी आनंदलो, कारण नस जागी होत असल्याची ती खूण असते. आज डावीकडे सगळे पूर्ववत आहे. उजवीकडे ओठाखाली नाण्याएवढा भाग अजून बोथट आहे. त्याची आठवण मला दिवसभरात येत नाही. नाक मात्र थोडे रुंद झाले, वरचा जबडा पुढे आल्यावर तसे होतेच, आणि घरच्यांना माझ्या चेहऱ्याची सवय व्हायला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागले.

एक तक्रार मात्र नोंदवतो. जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे कोणीही मला पुन्हा झोपेची तपासणी करायला सांगितले नाही. घोरणे थांबले, दिवसा डुलक्या येईनाशा झाल्या, मी बरा झालो असे सर्वांनीच धरून चाललो. दीड वर्षाने रक्तदाब पुन्हा चढू लागला तेव्हा मी स्वतःहून तपासणी करून घेतली. एएचआय ५२ वरून ११ वर आला होता, पण उताणे झोपल्यावर तो २४ होता. आता मी कुशीवर झोपतो, पाठीला उशी बांधून. शस्त्रक्रियेचा मला पश्चात्ताप नाही. ते दीड वर्ष अंधारात काढल्याचा आहे.

मागची_हनुवटी

तिघांचेही मनापासून आभार. तारांमुळे अंतर वाढते आणि ते वाढवणे हाच हेतू असतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी ते बिघाड समजलो असतो. एक शंका. दातांवर रात्री बसवायचे आणि जबडा पुढे धरणारे उपकरण आधी वापरून पाहावे, त्याने आकडा उतरला तर शस्त्रक्रियेने उतरेलच, असे एका परिचितांनी सुचवले आहे. हे तर्काला धरून आहे का?

रात्रपाळी_तंत्रज्ञ यांचे उत्तर

मी झोपेच्या तपासणी-केंद्रात रात्रपाळीला काम करतो, शस्त्रक्रिया माझा विषय नाही. पण लोक अहवालातला एक आकडा घेऊन येतात आणि बाकीची पाने उघडतही नाहीत, म्हणून थोडे लिहितो.

उपकरणाविषयी : तर्क निम्मा बरोबर आहे. उपकरण लावून तपासणी केली आणि श्वास बराच सुटला, तर जबडा पुढे आल्याने तुमची वाट मोकळी होते याचा तो चांगला संकेत आहे, आणि काहींचे काम त्यावरच भागते. उलट मात्र खरे नाही. उपकरण खालच्या जबड्याला तात्पुरते, दातांच्या आधाराने आणि सोसवेल तेवढेच पुढे धरते. टाळूला ते शस्त्रक्रियेसारखे हलवत नाही. त्यामुळे त्याने आकडा उतरला नाही म्हणून शस्त्रक्रियेनेही उतरणार नाही, असे म्हणता येत नाही. गरज पडल्यास औषधाने झोप आणून, नाकातून दुर्बीण घालून, वाट नक्की कोठे मिटते ते पाहतात : टाळूपाशी, जिभेच्या मुळाशी, बाजूच्या भिंतींपाशी की कंठच्छदापाशी, म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडावरच्या झाकणापाशी. तुमची ही तपासणी झाली आहे का, ते तुम्ही लिहिलेले नाही.

अहवालात एएचआय खेरीज तीन गोष्टी पाहा. उताणे आणि कुशीवर असे वेगळे आकडे काय आहेत. रक्तातला प्राणवायू सर्वांत खाली किती उतरला. आणि अडथळ्याचे श्वासरोध किती व मेंदूकडून श्वासाची आज्ञाच न येण्याचे किती. हा शेवटचा प्रकार जास्त असेल तर जबडा कितीही पुढे आणला तरी त्याला लागू पडणार नाही. अडथळ्याच्या श्वासरोधात छाती-पोटाचे पट्टे जोरजोराने हलत असतात आणि नाकाची रेघ सपाट असते. दुसऱ्यात सगळ्याच रेघा सपाट होतात. तुमच्यासारख्या चेहऱ्यात बहुधा पहिलाच प्रकार असतो, पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे.

सीपॅप सुटतो का, याचे उत्तर शब्दांच्या व्याख्येत अडकलेले आहे. दोन्ही जबडे पुढे आणण्याच्या शस्त्रक्रियेचे २०१६ मध्ये एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ४५ अभ्यासांतील ५१८ रुग्ण होते, आणि सरासरी एएचआय ५७.२ वरून ९.५ वर आला होता. यशाचे प्रमाण ८५.५ टक्के दिले आहे, पण तेथे यश म्हणजे एएचआय निम्म्यावर आणि २० च्या खाली. ५ च्या खाली, म्हणजे ज्याला आजार गेला म्हणता येईल, ते ३८.५ टक्के. दोन्ही आकडे एकाच तक्त्यातले आहेत. सल्ला देणारे कोणता वाचून दाखवतात, त्यावर रुग्णाची अपेक्षा ठरते. ४६ वरून ९ होणे ही लहान गोष्ट नाही. पण ९ म्हणजे सौम्य आजार शिल्लक आहे, आणि तो वय व वजनाबरोबर वाढू शकतो.

निद्रानाद यांच्या तक्रारीत मी माझा सूर मिळवतो. घोरणे थांबणे हा पुरावा नव्हे. सूज पूर्ण उतरल्यावर, साधारण सहा महिन्यांनी, तपासणी व्हायलाच हवी, आणि ती आधी जशी झाली तशाच प्रकारची असावी. आधी केंद्रात सर्व तारा लावून आणि नंतर घरी छोट्या यंत्रावर, अशी तुलना करू नका, कारण घरचे यंत्र बहुधा झोप मोजत नाही, अंथरुणातला वेळ मोजते, आणि आकडा मुळातच कमी दाखवू शकते. शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत सीपॅप सोडू नका, मास्क दोनच रात्री टिकत असला तरीही. नाकावरचाच मास्क ठेवून तोंड मिटलेले राहते का ते पुन्हा पाहता येईल. मागे असलेल्या हनुवटीला मोठा मास्क मागे रेटतो, हे तुमचे निरीक्षण आम्ही रात्री पडद्यावर पाहतो.

अस्थिसंधी

तंत्रज्ञांच्या लिखाणात शल्यविशारदांना बसलेली चपराक योग्य आहे.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. तुमच्या जबड्याच्या सांध्यांचे चित्रण झाले आहे का ते पाहा. सांध्याचे टोक आधीच बारीक किंवा झिजलेले असेल, तर मोठ्या सरकवणीनंतर ते आणखी विरघळून जबडा मागे परतू शकतो, आणि हे शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी हळूहळू घडत असल्यामुळे उशिरा ध्यानात येते. दुसरे, डिस्ट्रॅक्शन सुचवणाऱ्यांना चुकीचे ठरवू नका. त्यांनी किती मिलिमीटरचा विचार केला आहे, यंत्राची दिशा कशी धरली आहे आणि शेवटी दातांचा मेळ कसा साधणार, हे त्यांना विचारा. खण सरकवताना आम्ही दात आधी साच्यात जुळवून मग हाड पक्के करतो. यंत्रात हाड चालते तिकडे दात जातात, आणि दिशा थोडी चुकली तरी पुढचे दात उघडे राहतात. कदाचित त्यांनी सीटीमध्ये तुमच्या जबड्याच्या उभ्या भागात असे काही पाहिले असेल की, तेथे पदर सुटे करायला पुरेसे हाडच नसेल. तसे असल्यास माझेही मत बदलेल.

मागची_हनुवटी

अहवालाची उरलेली पाने आज वाचली. उताणे ७१, कुशीवर १९, प्राणवायू सर्वांत खाली ७४ टक्के, मेंदूकडून येणारे श्वासरोध तासाला एकाहूनही कमी. झोप आणून करायची दुर्बिणीची तपासणी झालेली नाही. ती करून घेण्यासाठी वेळ मागितली आहे. पहिल्या डॉक्टरांना फोनवर मिलिमीटर विचारले, तर त्यांनी १६ सांगितले, आणि दात कसे जुळणार असे विचारल्यावर पुढच्या आठवड्यात सीटी घेऊन समोर या म्हणाले. ते काय दाखवतात ते येथे कळवीन. तोवर पाठीला उशी बांधायला आजपासून सुरुवात करतो.